नोंदीचा घाम आणि बिननोंदीचा घाम
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाचा भाव, ज्वारीचा भाव, कर्ज, वीज, विमा यांवर बोलायला आज व्यासपीठावर पुष्कळ मंडळी आहेत. आमच्याकडे जिल्हा समितीनं वेगळा विषय सोपवला आहे. युनियन असलेली नोकरी आणि युनियन नसलेली नोकरी यांत फरक काय, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा त्याच्याशी संबंध काय?

काही जण म्हणतील, युनियन ही शहरातली भानगड. आम्ही शेतकरी, आमचा काय संबंध? आम्ही त्यांना उलट विचारतो. तुमच्या घरातलं एकही माणूस वर्षभरात रोजानं कुठं जात नाही, असं घर गावात किती? एक भाऊ शेतीवर, दुसरा एमआयडीसीत गुत्तेदाराकडे. दिवाळी झाली की एक जोडी कोयता घेऊन साखर कारखान्याच्या फडावर. सून दुसऱ्याच्या रानात वेचणीला. दोन एकर, चार एकर कोरडवाहू असलेला माणूस सातबारावर शेतकरी असतो आणि सहा महिने मजूर असतो. तेव्हा हा विषय आपल्या चुलीचाच आहे.

तो समजून घ्यायला लांबच्या पुस्तकात जायची गरज नाही. आपल्या कापसाच्या बोंडामागं चालत जाऊ. ते कुणाकुणाच्या हातातून जातं ते पाहू.

पहिला हात वेचणाऱ्या बाईचा. सकाळी निघायचं, दिवसभर वाकायचं, बोंडाच्या टोकांनी बोटं सोलून घ्यायची, संध्याकाळी काट्यावर माप द्यायचं. किलोमागं दर. या बाईचं नाव कुठल्या रजिस्टरात नाही. कंबर धरली तर रजा नाही, साप चावला तर भरपाई कुणी द्यायची ते ठरलेलं नाही. आणि तिची मालक कोण? आपणच. ही गोष्ट पुढं पुन्हा येणार आहे, ध्यानात ठेवा.

दुसरा हात बाजारातल्या हमालाचा. इथं चित्र बदलतं. पूर्वी हमालाची गत वेचणारणीपेक्षा वेगळी नव्हती. शंभर शंभर किलोचं पोतं पाठीवर, मजुरी टोळीच्या मुकादमाच्या हातात, आजारी पडला की दुसरा माणूस हजर. हे हमाल होते कोण? दुष्काळी गावांतून आलेली शेतकऱ्यांची पोरं. मुंबईच्या माथाड्यांना एकत्र करणारे अण्णासाहेब पाटील सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. मोर्चे झाले, संप झाले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला.

त्या कायद्यानं नेमकं काय केलं, हे समजून घ्या. हमालाचा मालक एक नसतो. आज या दुकानाचा माल, उद्या त्या. म्हणून प्रत्येक जण म्हणायचा, हा माझा कामगार नाही. कायद्यानं सांगितलं, ठीक आहे, मग मंडळ काढा. त्या मंडळावर कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. व्यापाऱ्यानं मंडळात नाव नोंदवायचं, हमालानंही नोंदवायचं. मजुरी व्यापाऱ्यानं मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही वेगळी भरायची. त्या लेव्हीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, भरपगारी सुट्टी, दवाखाना. रोज वेगळ्या मालकाचं ओझं उचलणाऱ्या माणसाला कायम नोकरदारासारखी सोय मिळाली, ती अशी. पोत्याचं वजन पन्नास किलोवर आणा, ही मागणीही हमालांच्या संघटनांनीच वर्षानुवर्षं लावून धरली. जिथं मंडळ पोचलं नाही तिथल्या हमालाच्या पाठीवर तेच पोतं आहे, पण म्हातारपणी त्याच्या हातात काही नाही.

तिसरा हात जिनिंगमधल्या मजुराचा. पाच क्विंटलच्या आसपास कापूस रेच्यांवर पिंजला की १७० किलो रुईची एक गठाण होते, बाकीची सरकी. हे काम हंगामी. मजूर गुत्तेदार आणतो, पुष्कळदा दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून. तो गेटाच्या आत झोपतो, आतच शिजवतो, दिवसपाळी-रातपाळी करतो आणि नाकातोंडात तंतू ओढतो. रेच्यात बोटं गेली तर जिनिंगवाला म्हणतो, गुत्तेदाराला विचार. गुत्तेदार म्हणतो, तू माझ्याकडं कामाला होतास याचा कागद दाखव. कागद नसतो.

चौथा हात गिरणी कामगाराचा. या कामगाराच्या मागं मोठा इतिहास आहे आणि त्याचं मूळ आपल्याच घरात आहे. महात्मा फुले शेतकऱ्याचा असूड लिहीत होते, त्याच काळात त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. साल १८८४. आठवड्याला एक दिवस सुट्टी द्या, ही त्यांची मागणी होती. ती रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. आज ज्यांना रविवार सुट्टी आहे त्यांना ती साहेबाच्या मेहेरबानीनं मिळालेली नाही. आणि हेही लक्षात घ्या, मुंबईच्या गिरणीमालकांची संघटना त्याच्या आधी, १८७५ सालीच झाली होती. युनियन वाईट असं मालक सांगतात, तेव्हा त्यांची स्वतःची युनियन दीडशे वर्षांची आहे हे विसरू नका. ती आजही काम करते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क केंद्र सरकारनं उठवलं आणि ती सूट त्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत चालली. वस्त्रोद्योगाच्या संघटनांनी ते मागितलं होतं. त्याच महिन्यांत आपला कापूस घरात येत होता. संघटित कोण आणि असंघटित कोण, ते इथं कळतं.

आता १९८२ कडं येऊ. १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत नेते, कामगार अडीच लाखांच्या घरात. पगार आणि बोनस हे मुद्दे होतेच, पण तिसरा मुद्दा फार लोकांच्या लक्षात राहिला नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एका उद्योगात एकाच युनियनला बोलणी करायचा हक्क दिला होता. गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडं होता. हजारो कामगार म्हणत होते, ही युनियन आम्हाला नको, आमच्या वतीनं कोण बोलणार ते आम्ही ठरवू. कायदा ऐकेना, सरकार ऐकेना. संप रीतसर मागं असा कधी घेतलाच गेला नाही. माणसं गावी परतली, गावानं होती ती भाकर वाटून दिली. कित्येकांना परत कामावर घेतलं नाही. पुढं गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले.

पण कापड विणायचं थांबलं का? नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेलं. ती हलवाहलव संपाच्या आधीच सुरू झाली होती, संपानं तिला जोर आला. धागा तोच, कापड तेच. फरक इतकाच, की इकडं बारा बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी आणि हजेरीपटावर नाव नाही.

या गोष्टीतून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, जी युनियन कामगाराला बदलता येत नाही ती युनियन कामगाराची नसते. ती दुसरा मुकादम असते. दुसरी गोष्ट जास्त मोठी. संघटित माणसाच्या शेजारी असंघटित माणूस स्वस्तात मिळत असेल, तर संघटिताची नोकरीही टिकत नाही. काम उतारानं वाहतं, पाण्यासारखं. गिरणी कामगारानं यंत्रमागवाल्याचा विचार वेळेवर केला नाही, त्याची किंमत दोघांनी मोजली.

तर या चार हातांत फरक कशाचा आहे? घाम सारखाच, कसब सारखंच. वेचणारणीचं कसब हमालापेक्षा कमी आहे असं कुणी म्हणू नये. फरक चार गोष्टींचा. मालक कोण, हे कागदावर आहे का? दर काय, हे आधी ठरलं आहे का? अपघात झाला तर कोण देणार, हे लिहिलं आहे का? आणि ‘हे बरोबर नाही’ असं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी काम टिकतं का? चारही उत्तरं ‘होय’ असतील ती युनियनची नोकरी. चारही ‘नाही’ असतील तर तुमच्या गळ्यात कार्ड कितीही चकचकीत असो, तुम्ही बिननोंदीचे.

ऊसतोड कामगार यांच्या मधोमध आहेत, म्हणून त्यांच्याकडं नीट बघा. त्यांच्या संघटना आहेत. कोयता बंद ठेवून त्यांनी वेळोवेळी दर वाढवून घेतले. २०२४ च्या जानेवारीत साखर संघाशी जो करार झाला त्यात ३४ टक्के वाढ मिळाली, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. हे एकीचं बळ. पण उचल मुकादमाकडून, हिशेब मुकादमाकडं, एक दिवस फडावर गेलं नाही तर खाडा. खाडा पडू नये म्हणून बायका दुखणं अंगावर काढतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ साली इतकं पेटलं, की राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. म्हणजे दर युनियनचा आणि जिणं बिननोंदीचं. नुसता दर वाढवून भागत नाही, नोंद लागते, ती अशी.

आता तुमच्या मनातल्या शंका. त्या खऱ्या आहेत, टाळून चालणार नाही.

पहिली शंका. ‘हमालाची बाजू घेता, पण हमाली आमच्या पट्टीतून कापतात. आम्ही स्वतः गाडी खाली केली तरी कापतात.’ हे होतं, आम्हीही ते सोसलं आहे. ज्या कामाला हमालाचा हात लागला नाही त्याची हमाली कापणं ही लूट आहे. आणि माथाडीच्या नावाखाली नुसती वसुली करणाऱ्या टोळ्याही निघाल्या, हे खऱ्या माथाडी संघटनाच सांगतात. पण भांडण कुणाशी आणि कशावरून, ते नीट पाहा. पट्टीवर अडत, तोलाई, हमाली अशा ओळी असतात. व्यापारी सगळी कपात शेतकऱ्याच्या माथी मारतो आणि बोट मात्र हमालाकडं दाखवतो. हमाल आणि शेतकरी ओट्यावर एकमेकांची गचांडी धरतात, तेव्हा काट्याजवळ उभा असलेला तिसरा माणूस हसत असतो.

दुसरी शंका. ‘युनियनवाल्यांना दर दहा वर्षांनी वेतन आयोग, आम्हाला काय?’ बरोबर आहे. संघटित नोकरदारांच्या पुष्कळ युनियनांनी आपल्यापुरतं पाहिलं. त्यांच्याच कचेरीत त्यांच्याच टेबलाशेजारी कंत्राटी पोरगं निम्म्याहून कमी पगारावर तेच काम करतं आणि युनियनच्या सभेत त्याला खुर्ची नसते. त्या पोराचा बाप आज या मंडपात बसलेला आहे. याची चीड यायलाच हवी. पण त्यावरचा उपाय नोकरदाराचं काढून घ्या हा नाही. त्यानं आपला बाप्या भिजत नाही, शेजाऱ्याचं छप्पर मात्र उडतं. उपाय हा, की त्या पोराची नोंद करा.

तिसरी शंका सगळ्यांत अवघड आणि ती आपल्यावरच उलटणारी. ‘वेचणीचा दर वाढवायचा तर पैसा आणायचा कुठून? आमच्याच कापसाला भाव नाही.’ २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. ओल्या कापसाला, खेडा खरेदीत, गरजवंताला काय मिळालं ते तुम्ही जाणता. अशा वेळी वेचणारणीच्या दरात दोन रुपये कापले की मालकाला वाटतं, तेवढंच वाचलं.

भावांनो, ते वाचत नाही. हमीभाव निघतो कसा? कृषी मूल्य आयोग उत्पादनखर्च धरतो. त्यात आपण मजुराला दिलेली मजुरी येते. आणि आपल्या घरच्या माणसांनी शेतात केलेलं काम मोजायचं असेल तेव्हा ते गावातल्या मजुरीच्या दरानं मोजतात. त्या दोन्हींवर दीडपट, असं सरकार सांगतं. म्हणजे गावातली मजुरी जितकी पडलेली, तितका आपल्या बायकोचा, आईचा, आपला स्वतःचा घाम सरकारच्या कागदावर स्वस्त. वेचणारणीची मजुरी आपण दाबतो तेव्हा आपल्याच घराची मजुरी दाबतो आणि वर म्हणतो, खर्च कमी धरला! जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज धरून सगळ्या खर्चावर भाव द्या, ही मागणी आपण सोडणार नाही. पण त्या मागणीचा पाया मजुरीच आहे. पाया आपणच उकरायचा आणि माळा उंच मागायचा, हे कसं जमणार?

आणि वेचणाऱ्या बायकांना एकी शिकवायची गरज नाही. भर हंगामात वीस जणी एका गाडीतून येतात, पुढारीण गाडीतूनच दर विचारते, पटला नाही तर गाडी पुढं जाते. त्याला आपण माज म्हणतो. व्यापाऱ्यानं भाव पाडला म्हणून आपण गाड्या परत फिरवतो, त्याला आंदोलन म्हणतो. दोन्ही गोष्टी एकच आहेत.

आता पोरांकडं वळू. जुने २९ कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्याचं केंद्र सरकारनं जाहीर केलं. त्यांतल्या काही गोष्टी कामगारांच्या संघटनांना मान्य नाहीत. संपावर बंधनं वाढली, तीनशेपर्यंत कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायला वाट सोपी झाली. तो लढा चालू राहील. पण त्यांतली एक तरतूद आपल्या पोरांच्या कामाची आहे. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायचं आहे. आणि युनियन काढायला आजही सात जण अर्ज करू शकतात, १९२६ च्या कायद्यातही हाच आकडा होता. मात्र नोंदणीला तिथल्या कामगारांपैकी एक दशांश किंवा शंभर, यातला लहान आकडा, इतके सभासद लागतात. एका गावची सात पोरं एका गेटावर असतात की नाही? असतात. पण ती एकमेकांना सांगत नाहीत की गुत्तेदार आपल्याला किती देतो. लाज वाटते. गुत्तेदार त्या लाजेवर जगतो.

म्हणून जिल्हा समितीनं पाच गोष्टी ठरावासाठी ठेवल्या आहेत.

१) प्रत्येक शाखेनं गावात एक वही ठेवावी. गावाबाहेर कामाला जाणाराचं नाव, कारखाना किंवा फड, गुत्तेदाराचं किंवा मुकादमाचं नाव, ठरलेला दर आणि घेतलेली उचल तीत लिहावी. वाईट प्रसंग आला तर पहिला कागद गावाकडं असेल.

२) कामाला लागणाऱ्या पोरानं चार गोष्टी मागाव्यात: नेमणूकपत्र, पगाराची चिठ्ठी, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि दवाखान्याच्या विम्याचं कार्ड. एकट्यानं मागू नये, गावच्या सगळ्यांनी मिळून मागावं.

३) वेचणी सुरू व्हायच्या आधी गावात मालक आणि वेचणाऱ्या बायका यांची बैठक घ्यावी. पहिल्या वेचणीचा आणि फरदडीचा दर वेगळा ठरवावा. काटा तपासलेला असावा, कडता घेऊ नये, आठवड्याचा हिशेब आठवड्यात चुकता व्हावा.

४) ज्या कामाला हात लागला त्याचीच हमाली. यासाठी बाजार समितीत शेतकरी आणि हमाल संघटना यांनी एकत्र बसून बोलावं. हमालांविरुद्ध मोर्चा काढायचा नाही.

५) प्रत्येक घरानं शेतीच्या खर्चाची वही लिहावी आणि तीत घरच्या बायांचे दिवसही लिहावेत. निंदणीचे, खुरपणीचे, वेचणीचे. जे आपणच लिहीत नाही ते दिल्लीनं धरावं, असं आपण कोणत्या तोंडानं म्हणायचं?

यातल्या तिसऱ्या ठरावावर कुरकुर होईल, हे आम्हाला माहीत आहे. आजच्या हाताला तो आपल्या खिशातून पैसा मागतो. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो इथं, माइकवर येऊन मांडावा. चावडीवर बसून नको. आपण भावासाठी सरकारशी भांडतो ते घामाचा दाम मागतो म्हणून. हा शब्द आपल्या बांधावर पाळला, तर दुसरीकडं तो मागताना आपला आवाज कापणार नाही.

चर्चा सुरू करावी, ही विनंती.